'काइंड' म्हणजे दयाळूच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्रजी 'काइंड'ला 'दयाळू' हा शब्द पुरत नाही, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेही न चिडता, म्हणून सवडीनं उत्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काइंड म्हणजे दयाळू, कुठलाही शब्दकोश उघडा, जेंटल, जेनरस, बिनाइन, नाइस हे त्याचेच समानार्थी, 'प्रकार' या अर्थाचा काइंड हा वेगळाच शब्द, मी त्याचं नातं ओढूनताणून जोडलं, आणि अशा लेखांनी दहावीची मुलं गोंधळतात.

परीक्षेचं आधी उरकतो. तिथं खुशाल दयाळू लिहावं आणि गुण घ्यावेत.

नात्याचं मात्र तसं सोडता येत नाही. दोन्ही काइंड एकाच घरातले आहेत. जुन्या इंग्रजीत हे विशेषण उपजत, जन्मानं आलेलं, या अर्थी होतं, आणि 'किन', म्हणजे गणगोत, हा त्याचा भाऊबंद. आपल्या गोतातल्या माणसाशी आपण न शिकवता ज्या आपुलकीनं वागतो, ते काइंड वागणं. पुढं हा अर्थ परक्यांपर्यंत पसरला. 'प्रकार' हा त्याच जातकुळीच्या कल्पनेचा दुसरा फाटा. तुम्ही शेक्सपियर शिकवलाय असं लिहिलंत, तर हॅम्लेटच्या तोंडचं पहिलंच वाक्य आठवा: 'अ लिटल मोअर दॅन किन, अँड लेस दॅन काइंड'. काका आता सावत्र बापही झालाय, म्हणजे नातं वाढलं, पण ना तो आपल्या जातीचा, ना त्याला माया. दोन्ही अर्थ एका शब्दात बसतात म्हणून तर ते वाक्य बोचतं. या सगळ्याच्या तळाशी असलेला प्राचीन धातू संस्कृतात 'जन्' या रूपात आला. जन्म, जन, जाती ही आपली त्यातली वाटणी. जर्मनमध्ये त्याच धातूतून 'किंड' म्हणजे मूल आलं आणि शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलनं 1840 मध्ये आपल्या बालशाळेला किंडरगार्टन हे नाव दिलं.

तुमच्या यादीतले जेंटल, जेनरस, बिनाइन लॅटिनमधून आले, पण तेही जन्माशीच बांधलेले. जेंटल म्हणजे चांगल्या कुळातला, जेनरस म्हणजे उच्चकुलीन. चांगुलपणा खानदानातच असतो हे अर्थातच खानदानी लोकांनी ठरवलं. आपल्याकडचा 'घरंदाज' वेगळं काय सांगतो? पण आज त्यांची कामं वाटली गेली आहेत. जेनरस माणसाचा हात सढळ असतो, जेंटल माणसाचा हलका. बिनाइन तर आता बहुतेकांना भेटतो तो डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये. गाठ बिनाइन, म्हणजे कर्करोगाची नाही, म्हटल्यावर घरात पेढे येतात. तीच गाठ 'काइंड' आहे असं कुठला डॉक्टर म्हणेल? मग समानार्थी म्हणजे नेमकं किती समान? नाइसबद्दल फार लिहीत नाही. त्याचं मूळ 'अजाण' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे आणि मध्ययुगीन इंग्रजी काव्यात तो सरळ मूर्ख या अर्थी येतो.

आता दया. तुम्ही तुकोबांचा आधार दिलात: 'दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दाळण कंटकांचें'. आधार भक्कम आहे, पण तो माझ्या बाजूनं जातो. तुकोबांच्या दयेत दुष्टांचा समाचार घेणंही येतं. काइंडमध्ये ते कुठं आहे? शिवाय आज बोलण्यात दया वरून खाली येते. राष्ट्रपतींकडे जातो तो दयेचा अर्ज. रेल्वेत कुणी तुमची बॅग वर ठेवली तर इंग्रज सहज 'दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू' म्हणेल. तुम्ही त्या माणसाला 'आपण फार दयाळू आहात' म्हणून बघा; तो तुमच्याकडे संशयानं बघेल. आपण म्हणतो, 'अहो, कशाला उगाच त्रास घेतलात!'

आणखी एक पुरावा, तो इंग्रजी भाषांतरकारांचाच. पालीतल्या 'मेत्ता'साठी, म्हणजे आपल्या मैत्रीसाठी, त्यांनी 'लव्हिंग-काइंडनेस' हा शब्द निवडला. तोही आयता होता: 1535 च्या इंग्रजी बायबलमध्ये भाषांतरकार कव्हरडेलनं तो वापरलेला आहे. बौद्ध परंपरेत करुणा मैत्रीहून वेगळी मोजतात आणि तिच्यासाठी इंग्रजीत 'कम्पॅशन' येतो. इगतपुरीला विपश्यना करून आलेल्या कुणालाही विचारा, शेवटी मंगल मैत्रीच करतात. म्हणजे जिथं बारकाईनं भाषांतर झालं, तिथं काइंडनेस मैत्रीच्या शेजारी बसला.

'मग तुम्हीच एक शब्द द्या,' असं तुम्ही बजावलंय. एक देता येणार नाही. आजीबद्दल बोलायचं तर मायाळू, दुसऱ्याचं दुखणं न बघवणाऱ्याला कनवाळू, अडीनडीला धावणाऱ्या शेजाऱ्याला भला माणूस. सरकारी पत्रातल्या 'काइंडली'ला कृपया ठीक आहे. त्यात कृपा फारशी नसते, हुकूम असतो, आणि तो दोन्ही भाषांत सारखाच वाजतो. राहता राहिलं पत्राखालचं 'काइंड रिगार्ड्स'. त्याच्या भाषांतराची गरजच नाही, आपलं जुनं आहे ते घेतो.

कळावे, लोभ असावा.