बाहेरून जीपीएस लावला म्हणून गाडीची सगळी वॉरंटी जात नाही

सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "नव्या गाडीला बाहेरून अलार्म, जीपीएस, गिअर लॉक काहीही लावलंत तर कंपनीची वॉरंटी त्याच दिवशी रद्द, सगळं शोरूममधूनच लावा, नंतर कुठेच दाद मागता येत नाही." मुंबईत कितीतरी गाड्या रात्री रस्त्यावर उभ्या असतात आणि लोक हे वाचून काहीच लावत नाहीयेत, म्हणून लिहितोय.

त्याच दिवशी रद्द? नाही हो. वॉरंटी बुकलेट काढून वाचा, त्यात बहुतेक वेळा बाहेरच्या पार्टमुळे किंवा बदलामुळे झालेला बिघाड कव्हर होणार नाही असं असतं, आता जीपीएसचा आणि सस्पेन्शनच्या आवाजाचा संबंध काय? कॉम्पिटिशन कमिशननं (कंपन्यांच्या मक्तेदारीवर नजर ठेवणारा सरकारी आयोग) २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांच्या केसमध्ये सांगितलं होतं की बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच. ती केस रिपेअरची होती, ॲक्सेसरीची नाही, आणि पुढे अपिलंही झाली, तरी मुद्दा तोच आहे. काही जण उत्तरात अमेरिकेचा १९७५ चा वॉरंटीचा कायदा टाकतायत, तो इथे चालत नाही, तो दाखवून सर्व्हिस सेंटरला भांडू नका.

खरी भानगड वायरची आहे. अलार्म किंवा इंजिन कट (चोरी झाली तर इंजिन बंद पाडणारा स्विच) बसवताना इग्निशनची नाहीतर फ्युएल पंपाची वायर कापतात, सोलून पीळ देतात, वर काळी टेप, झालं काम. मग पावसाळ्यात ओल लागून तो जोड गंजतो, गाडी चालता चालता बंद पडते, आणि तेव्हा इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारला तर सर्व्हिस सेंटर चूक नाही. जीपीएस तर गाडी बंद असतानाही थोडा करंट खातच असतो, गाडी बरेच दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन, ती पण वॉरंटीत मिळणार नाही. म्हणून ऑपेरा हाऊसच्या ॲक्सेसरी बाजारात जा नाहीतर गल्लीतल्या दुकानात, आधी विचारा कपलर टू कपलर, म्हणजे गाडीच्याच प्लगमध्ये प्लग जोडून, बसणार की वायर कापणार, कापणार म्हणाला तर सरळ निघा.

गिअर लॉकला वायरच नसते. कन्सोलला भोक पाडलं तर तेवढ्या तुकड्याची वॉरंटी गेली, इंजिनला काय होणारे?

शोरूमचं म्हणाल तर तिथे लावलेलं सगळं कंपनीचं असतंच असं नाही, डीलरसुद्धा बाहेरचा माल बसवतात. बिलावर कंपनीचा पार्ट नंबर आहे का बघा, नसेल तर जास्त पैसे देऊन तुम्ही बाहेरचंच घेतलंत.

आणि दाद मागता येते. क्लेम तोंडी नाकारला तर ऐकून परत येऊ नका, कुठल्या पार्टमुळे काय बिघडलं ते जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटर गाडीच्या कामाचा कागद देतं तो) लिहून मागा, लिहायची वेळ आली की बरेचदा सूर बदलतो. नाहीच बदलला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे, नंतर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तिथे हेच जॉब कार्ड, बसवणाऱ्याचं बिल आणि बसवतानाचे वायरिंगचे फोटो लागतील, ते आत्ताच काढून ठेवा.