पेटंटच्या फायलीला गिऱ्हाईक कोण शोधणार?

विद्यापीठात औषधाचा किंवा तपासणीचा नवा शोध लागला की सगळी धावपळ पेटंटसाठी होते. पेटंट मिळालं की सत्कार होतो, बातमी येते, वार्षिक अहवालातला आकडा एकाने वाढतो. पण हा शोध घेणार कोण, वापरणार कोण, त्याचे पैसे कोण देणार, हे विचारायला मात्र फार उशीर होतो. विद्यापीठातल्या संशोधनासाठी कंपन्या शोधणं हे माझं रोजचं काम आहे, आणि माझं ठाम मत आहे की हे प्रश्न पेटंटचा अर्ज लिहायला बसण्याआधीच विचारले पाहिजेत.

याचं कारण अगदी व्यवहारी आहे. पहिला अर्ज टाकला की घड्याळ सुरू होतं. १२ महिन्यांच्या आत आंतरराष्ट्रीय, म्हणजे पीसीटी अर्ज करावा लागतो. पहिल्या अर्जापासून साधारण ३० महिन्यांनी एकेका देशात वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळा वकील, शिवाय भाषांतरं. खर्च इथे एकदम चढतो. तोवर कंपनी मिळाली नसेल तर विद्यापीठ बहुतेक देशांमधल्या हक्कांवर पाणी सोडतं. ३० महिने ऐकायला भरपूर वाटतात, पण कंपनीतला योग्य माणूस सापडणं, गोपनीयतेचा करार, त्यांच्या शास्त्रज्ञांची छाननी, मग त्यांचे वकील, यात ते कधी संपले कळतही नाही.

एका गटाने रक्तातल्या एका प्रथिनावरून आजार लवकर ओळखणारी चाचणी तयार केली होती. निकाल खरोखर चांगले होते. ते कागद घेऊन मी रुग्णालयाच्या लॅबमधल्या टेक्निशियन बाईंकडे गेले. त्यांनी आलेख बघितलेच नाहीत. "मॅडम, कुठल्या ट्यूबमध्ये घ्यायचं? जांभळ्या झाकणाच्या की साध्या? सॅम्पल किती वेळ बाहेर राहिलेलं चालेल? आणि आमच्या मशीनवर लागेल का, की वेगळं मशीन घ्यावं लागेल?" संशोधकांनी रक्त काढल्याबरोबर सेंट्रिफ्यूज करून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. त्या लॅबमध्ये वॉर्डातून आलेल्या ट्यूबा दोन-तीन तास रॅकमध्ये उभ्या असतात, आणि तेवढ्या वेळात हे प्रथिन तुटायला लागतं. गटाने पुढचे प्रयोग त्या रॅकमधल्या परिस्थितीत केले, तेव्हा कुठे कंपनीशी बोलण्यासारखं काही हातात आलं. असं बोलणं अर्ज करण्याआधी झालं, तर नमुना टिकवण्याची पद्धतसुद्धा त्याच अर्जात घालता येते.

वैद्यकीय क्षेत्रात गिऱ्हाईक एक नसतं, ही यातली सगळ्यात मोठी अडचण. चाचणी लिहून देणारा डॉक्टर, ती करणारी लॅब, खरेदी ठरवणारी समिती आणि पैसे भरणारा रुग्ण, विमा कंपनी किंवा सरकार, यांतला एक जरी नाही म्हणाला तरी सगळं अडतं.

आणि बाजार संशोधकाने नेमलेल्या जागीच सापडेल असंही नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रिचर्ड सिल्व्हरमन यांच्या प्रयोगशाळेत १९८९च्या सुमारास मेंदूतल्या गाबा या रसायनाशी संबंधित काही संयुगं तयार झाली. डोळ्यांसमोर होती अपस्मार, म्हणजे फिट्स. विद्यापीठाने औषध कंपन्यांकडे विचारणा केली आणि पार्क-डेव्हिसने ती संयुगं तपासली. त्यातलं एक फारच प्रभावी निघालं, तेही संशोधकांनी धरलेल्या कारणामुळे नव्हे; ते भलत्याच ठिकाणी जाऊन चिकटत होतं. तेच आजचं प्रीगॅबालिन हे औषध, बाजारातलं नाव लिरिका. अमेरिकेत २००४ साली त्याला पहिली मंजुरी मिळाली ती मज्जातंतूंच्या वेदनांसाठी. म्हणून एकाच आजाराचं लेबल लावून शोध विकायला काढू नये, असं मी प्रत्येक संशोधकाला सांगते.

दुसरी बाजू कोहेन आणि बॉयर या शास्त्रज्ञांच्या जनुक जोडण्याच्या तंत्राची. शोधनिबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये छापून आला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात पेटंट-परवान्यांचं काम बघणारे नील्स रायमर्स यांना वर्तमानपत्रातून त्याचा सुगावा लागला आणि निबंध छापल्यावरही वर्षभर अर्ज करू देणारी अमेरिकेतली सवलत संपायला जेमतेम आठवडा असताना अर्ज दाखल झाला. अमेरिकेबाहेर अशी सवलत नसल्याने तिथले हक्क तर निबंध छापून आला तेव्हाच गेले होते. पण रायमर्स यांनी पुढे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. एकाच कंपनीला मक्तेदारी न देता वर्षाला १०,००० डॉलर भरेल त्या कंपनीला परवाना, वर विक्रीवर थोडी रॉयल्टी. शेकडो कंपन्यांनी परवाने घेतले आणि १९९७ मध्ये पेटंट संपेपर्यंत सुमारे २५ कोटी डॉलर जमा झाले. सगळ्यांच्या उपयोगाचं तंत्र असेल तर असंच करावं. एकट्या औषधाच्या रेणूला मात्र हा मार्ग चालत नाही, कारण एवढा चाचण्यांचा खर्च एकट्याने करायचा तर कंपनी मक्तेदारी मागणारच.

कंपन्या ताक फुंकून पितात, याचा संशोधकांना राग येतो. तो मला समजतो. पण २०१२ मध्ये ॲमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी लिहिलं की कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या अभ्यासांपैकी फक्त ६ त्यांना पुन्हा करून दाखवता आले. हे माहीत असलेला माणूस तुमचा उंदरांवरचा एक आलेख बघून चेक लिहिणार नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या हातांनी तोच निकाल आणून दाखवायला विद्यापीठाने पैसे राखून ठेवले पाहिजेत. पेटंटांची संख्या वाढवण्यापेक्षा तो खर्च कितीतरी जास्त कामाला येतो.

आता करार. येल विद्यापीठाकडे स्टॅव्ह्युडिन या एचआयव्हीच्या औषधाचं पेटंट होतं आणि परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विबकडे. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांसाठी स्वस्त औषधाची मागणी झाली. विद्यार्थी उभे राहिले, ज्यांच्या संशोधनातून औषध आलं ते विल्यम प्रुसॉफही त्यांच्या बाजूने बोलले. तेव्हा कंपनीने तिथे पेटंटचा हक्क न बजावण्याचं मान्य केलं आणि किंमत उतरवली. एवढा लढा का द्यावा लागला? करारात त्याची तरतूद नव्हती म्हणून. त्यामुळे मसुद्यात मी दोन कलमं पहिल्याच दिवशी घालते: ठरलेल्या मुदतीत काम पुढे सरकलं नाही तर हक्क परत, आणि गरीब देशांत जेनेरिक बनवायला मोकळीक. पहिल्या कलमावर कंपन्या फारशी खळखळ करत नाहीत. दुसऱ्यावर बैठकांवर बैठका होतात, वकील बदलतात, कधी सौदा मोडायची वेळ येते. तरी ते मी काढू देत नाही.