बस हा प्रत्येक ठिकाणी पर्याय नसतो
लेखात म्हटलंय की प्रवासी घटले की जपानमधल्या ग्रामीण रेल्वेमार्गांऐवजी बस सुरू करणं हाच शहाणपणा. मला हे अजिबात पटलं नाही. फुकुशिमा आणि शेजारचा निइगाता या प्रांतांना जोडणारा तादामी रेल्वेमार्गच घ्या. आइझू-वाकामात्सू ते कोइदे, 135 किलोमीटर, बरीचशी वाट नदीच्या काठाकाठाने. जुलै 2011च्या अतिवृष्टीत तिथले पूल वाहून गेले आणि आइझू-कावागुची ते तादामी हा 27.6 किलोमीटरचा टप्पा बंद पडला. बदली बस धावत होती, तरी तिथल्या लोकांनी रेल्वेचा आग्रह सोडला नाही. शेवटी त्या टप्प्यातले रूळ आणि पूल फुकुशिमा प्रांत सरकारने स्वतःकडे घेतले, गाड्या जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने चालवायच्या असं ठरलं, आणि 1 ऑक्टोबर 2022 रोजी, तब्बल 11 वर्षांनी, गाडी पुन्हा आली! त्या टप्प्यात दिवसाला जेमतेम तीन फेऱ्या, हे मान्य. आता निव्वळ तिकिटांच्या गल्ल्यावर हिशेब मांडला तर ती तोट्यातच दिसणार. पण तादामीहून निइगाताकडे जाणारा घाटरस्ता हिवाळाभर बर्फामुळे बंद असतो (माणूस बुडेल एवढा बर्फ पडतो हो तिथे). मग बस नेणार कुठून? त्या दिवसांत बोगद्यातून डोंगरापलीकडे जाते ती फक्त ही गाडी.