रेडिओ हुकलं म्हणून मेडिसिन?

एमबीबीएसनंतर पुढची शाखा ज्यावर ठरते त्या नीट-पीजी परीक्षेचं काउन्सेलिंग (जागावाटप) जवळ आलं की बेळगाव-निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं सार असं : मेडिसिन (शस्त्रक्रिया न करता औषधांनी उपचार करण्याची शाखा) घेतात ते रेडिओ (एक्स-रे, सोनोग्राफीची शाखा) नाहीतर डर्मा (त्वचारोग) हुकलेले, काम काय, तर नुसत्या गोळ्या लिहायच्या, डीएम (एमडीनंतरची एकेका अवयवातली पदवी) केल्याशिवाय किंमत नाही, पैसा नाही, झोप नाही, आणि उरलंसुरलं आता एआय करणार. खाली आईवडिलांचे घाबरे प्रश्न. मी याच पट्ट्यात फिजिशियन, म्हणजे मेडिसिनचा डॉक्टर, म्हणून बसतो, तेव्हा उत्तर देणं आलं.

'हुकलेले' हा मुद्दा लवकर संपतो. गेल्या काही वर्षांत नीट-पीजीच्या अगदी वरच्या रँकवाल्यांनी सर्वांत जास्त उचललेल्या दोन शाखा म्हणजे रेडिओडायग्नोसिस आणि जनरल मेडिसिन. पाहिजे ते मिळत असताना ही पोरं मेडिसिन घेतात. का घेतात, हे मात्र मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिरलेलं नाही.

'नुसत्या गोळ्या' म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एखाद्या दवाखान्यात पहाटे येऊन बसावं. जमिनीवर झोपलेला तरणाबांड गडी येतो, "डॉक्टर, पोट दुखालंय." पोट तपासा, मऊ. ताप नाही. अंगावर जखमेची खूण नाही. सोनोग्राफी केली तर नॉर्मल येणार. पण पापण्या जरा खाली उतरल्यात, गिळताना अडखळतोय. मण्यार! तिचा दंश अनेकदा दुखतही नाही आणि दिसतही नाही. ओळखायला उशीर झाला तर श्वास थांबतो. एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) दिलं तरी गेलेली ताकद लगेच परत येत नाही, कधी कधी दिवसेंदिवस व्हेंटिलेटर लागतो. इथं निदान होतं ते "रात्री कुठं झोपला होतास?" या प्रश्नावर आणि पापण्यांकडं लक्ष गेल्यावर.

तापाचंही तसंच. डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस, सगळे पहिल्या दोन दिवसांत सारखेच दिसतात. त्यात घाटाला लागून माकडताप. शिमोग्याच्या क्यासनूर रानात 1957 साली सापडलेला हा गोचिडीचा आजार 2016 मध्ये शेजारच्या दोडामार्गात पोहोचला. त्यामुळं हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ताप घेऊन आलेल्याला 'काजूत गेला होतास का, रानात माकडं मेलेली दिसली का' हे विचारावंच लागतं. जो विचारत नाही, तो नुसत्या गोळ्याच लिहितो. तेवढ्यापुरता मेसेज खरा.

डीएमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एमडीची तीन वर्षं, वर डीएमची तीन, आणि हृदयाचा नाहीतर किडनीचा डॉक्टर व्हायचं असेल तर वाट बहुतेक वेळा मेडिसिनमधूनच जाते. बरेच जण त्यासाठीच येतात, त्यात लाज कसली? पण सगळ्यांनी एकेक अवयव वाटून घेतला तर म्हातारीकडं कोण बघणार? बीपीसाठी एकानं अ‍ॅम्लोडिपिन दिलं, पाय सुजले. सूज बघून दुसऱ्यानं लघवीची गोळी चालू केली, सोडियम उतरलं. म्हातारी बरळायला लागली, तेव्हा घरच्यांनी मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली. चार चिठ्ठ्या समोर पसरून दोन गोळ्या बंद करायच्या, आणि आठवड्यानं तीच म्हातारी "तुमचं लगीन झालंय काय?" असं विचारायला लागते. नवीन गोळी लिहिण्यापेक्षा जुनी काढण्यात मला तरी जास्त मजा येते.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात, हे कबूल. बोलण्याला आणि विचार करण्याला आपल्याकडं फी देताना लोकांचा हात आखडतो. मशीनवर घातलं की पाकीट उघडतं. एमडी करतानाच्या, रेसिडेन्सीतल्या छत्तीस तासांच्या ड्युट्याही खोट्या नाहीत, त्या बदलायला हव्यात. पण मधुमेहींचा देशातला आकडा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या अभ्यासात 10.1 कोटींवर गेला. तालुक्याच्या गावात फिजिशियन उपाशी बसलाय, असं मी तरी पाहिलं नाही.

याच मेसेजची एक उलटी आवृत्तीही आहे, 'मेडिसिन म्हणजे सेवा, त्याग'. तीही नको. बहुतेकांना इथं ओढतं ते कुतूहल : हा माणूस आजारी का पडला, हे सापडेपर्यंत चैन न पडणं.

एआयचं शेवटी. लक्षणं नीट भरली तर ते आजारांची यादी चांगली देतं, मीही वापरतो. पण "छातीत गॅस झालाय" म्हणत सोडा पिऊन आलेल्या, घामानं भिजलेल्या काकांना आधी ईसीजीच्या टेबलावर झोपवावं लागतं, कारण तो गॅस हार्ट अटॅक असू शकतो. काका स्वतः यादीत 'गॅस'च भरणार.

ज्याला बोलायचा कंटाळा आहे, पूर्ण बरा न होणारा पेशंट दर महिन्याला समोर आला की ज्याचा जीव उबगतो, त्यानं खुशाल रेडिओ घ्यावं. चांगला रेडिओलॉजिस्ट आम्हालाही लागतोच.