‘गोव्याच्या माणसाला बस नकोच’ म्हणणाऱ्यांसाठी

पणजीत कोंडी झाली, पर्वरीत गाड्या तासभर खोळंबल्या की मोबाईलवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच राहतं. गोव्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या. गोवेकराला बसमध्ये बसणं कमीपणाचं वाटतं. बस रिकाम्या धावतात. पेट्रोल कितीही महागलं तरी कुणी गाडी सोडत नाही. गावं विखुरलेली, तिथे बस परवडायची नाही. तेव्हा बसवर पैसा घालवू नका, रस्ते रुंद करा, पूल बांधा.

शिकलेसवरलेले लोकही हे पुढे पाठवतात म्हणून यातलं एकेक विधान तपासायला हवं. मला याचा राग येतो त्याचं कारण वेगळं आहे. ज्यांच्या दारात गाडीच नाही, ती माणसं या मजकुरात कुठे दिसतच नाहीत.

माणसांपेक्षा गाड्या जास्त, हे नोंदणीच्या आकड्यावरून म्हटलं जातं. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि नोंदलेली वाहनं त्यापुढे गेली हे खरं. पण नोंदवहीत आकडा साठत जातो. भंगारात गेलेली, परराज्यात विकलेली, खाणी बंद झाल्यावर डिचोली-सत्तरी तालुक्यांत दारोदार उभी राहून गंजलेली वाहनं त्यातून आपोआप वजा होत नाहीत. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या गाड्या, टॅक्सी, मालट्रक हेही त्यातच. घरांकडे पाहिलं तर त्याच जनगणनेत मोटार होती साधारण पाव कुटुंबांकडे आणि दुचाकी निम्म्याहून थोड्या अधिक कुटुंबांकडे. आज प्रमाण वाढलं असणारच. तरी घरात एक स्कूटर असली म्हणजे घरातल्या चौघांची सोय झाली असं होत नाही. सकाळी सातला ती वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीला गेली की कॉलेजातली मुलगी आणि गुडघे धरलेली आजी बसथांब्यावरच उभ्या असतात.

आता मुख्य मुद्दा, कमीपणाचा. आळस, मिजास, ‘मानसिकता’ हे शब्द इथेच येतात. माणूस प्रवासाचं साधन कसं निवडतो याचा अभ्यास झालेला आहे आणि तो वेगळंच सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९७२मध्ये ‘बार्ट’ ही नवी रेल्वे सुरू झाली. त्याआधी डॅनियल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या नोकरदारांच्या रोजच्या प्रवासाची माहिती गोळा केली: घरातून निघून स्थानकापर्यंत किती चालावं लागतं, किती थांबावं लागतं, वाहनात किती वेळ जातो, पैसे किती पडतात. तेवढ्यावरून त्याने अंदाज बांधला की ६.३ टक्के लोक रेल्वेने जातील. सरकारी अंदाज १५ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात गेले ६.२ टक्के. पुढे २००० साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते माणसाच्या निवडीचा असा हिशेब मांडण्याच्या पद्धतीसाठी. तो अंदाज जुळला याचा अर्थ एवढाच की बहुतेक माणसं दारापासून दारापर्यंतचा सगळा प्रवास मनात मोजतात आणि मग ठरवतात.

या मोजणीत सगळी मिनिटं सारखी नसतात. धावत्या बसमध्ये बसलेल्या दहा मिनिटांपेक्षा थांब्यावर वाट पाहण्याची दहा मिनिटं माणसाला दीडपट-दुप्पट जड जातात. जगभरच्या वाहतूक नियोजनात हे गृहीत धरलेलं असतं. बस कधी येईल ते ठाऊक नसेल तर आणखी जड. आता आपल्याकडचे थांबे आठवा. छप्पर असेल तर नशीब, वेळापत्रक जवळपास कुठेच नाही, आणि पावसाळ्यात आडवा पाऊस.

त्यात आपल्या खाजगी बसची स्पर्धा. तासाला दोन बस आहेत असं धरू. त्या बरोबर अर्ध्या अर्ध्या तासाने आल्या तर थांब्यावर कधीही येणाऱ्या माणसाला सरासरी १५ मिनिटं थांबावं लागतं. पण पहिली बस गिऱ्हाईक मिळेपर्यंत स्टँडवर रेंगाळली आणि मागची तिच्या पाठोपाठ पाच मिनिटांत आली, तर पुढची ५५ मिनिटं रस्ता मोकळा. बस तेवढ्याच, फेऱ्या तेवढ्याच, पण सरासरी थांबणं २५ मिनिटांवर जातं. यात चालकाचा स्वभाव शोधून उपयोग नाही. ज्याची कमाई त्या दिवशीच्या तिकिटांवर अवलंबून आहे तो बस भरल्याशिवाय हलणार नाही आणि पुढच्या बसचं गिऱ्हाईक सोडणार नाही. व्यवस्थाच तशी लावली आहे.

आणि परतीचं काय? सकाळी जाताना बस मिळते म्हणून कुणी बसने जात नाही; संध्याकाळी यायला मिळेल याची खात्री लागते. साडेसात वाजून गेले की आतल्या गावांकडच्या बस विरळ होतात. पणजीत दुकानात काम करणारी बाई आठला सुटते. तिला सत्तरीतल्या गावात पोचायचं असेल तर सकाळच्या बसला ती कशाच्या भरवशावर चढेल? एक शेवटची बस नसली की दिवसभरातल्या बाकीच्या बसही तिच्या उपयोगाच्या राहत नाहीत. गोव्यात बायका मोठ्या संख्येने स्कूटर चालवतात याचं आपण कौतुक करतो, ते योग्यच. पण मुलाला शाळेत सोडणं, पतपेढी, बाजार, कामाची जागा, येताना सासूचं औषध, हा सगळा फेरा बसने करायचा तर प्रत्येक टप्प्याला नवी वाट पाहणी. ती स्कूटर घेते तेव्हा तिला मिजास आलेली नसते.

आजाऱ्याचं तर विचारूच नका. सत्तरीतल्या केरीहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला जायचं तर आधी साखळी, मग पणजी, मग तिथून बांबोळी. सरकारी इस्पितळात उपचार फुकट, पण तिथे पोचण्यात अर्धा दिवस आणि बरोबरच्या माणसाचा रोजगार जातो. अशा घराने कर्ज काढून दुचाकी घेतली तर त्याला हौस म्हणायचं का? शिवाय या ‘हौसेची’ किंमत फार मोठी आहे. गोव्याच्या रस्त्यांवर वर्षाला अडीचशेच्या वर माणसं मरतात आणि त्यात बहुसंख्य दुचाकीवरची असतात.

सामायिक वाहनाचा कमीपणा वाटतो म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहावं. चोडणच्या फेरीबोटीत मास्तर, मासे विकणारी, बँकेतला साहेब, शाळेची मुलं शेजारी शेजारी उभी असतात. पायी माणसाला भाडं नाही, आणि बोट नदी ओलांडून पुन्हा येणार हे सगळ्यांना माहीत असतं. ती भरवशाची आहे म्हणून लोक तिच्यात चढतात. पणजी-मडगाव, पणजी-वास्को, पणजी-म्हापसा या कदंब या सरकारी बस महामंडळाच्या शटलचंही तसंच. रांगेत उभं राहायचं, तिकीट घ्यायचं, बस वाटेत रेंगाळत नाही. त्या रांगेत इस्त्रीचे शर्ट आणि लॅपटॉपच्या पिशव्या भरपूर दिसतात.

‘बस रिकाम्या धावतात.’ कुठल्या वेळी आणि कुठल्या दिशेने? सकाळी आठला फोंड्याहून, म्हापशाहून पणजीला येणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तीच बस उलट जाताना रिकामी दिसते. जगातल्या कुठल्याही शहरात गर्दीच्या वेळी असंच असतं. सकाळी अकराची रिकामी बस दाखवून फेरी बंद केली की थांबणं वाढतं, थांबणं वाढलं की आणखी काही माणसं स्कूटर घेतात, मग पुढची फेरीही तोट्यात. हे चक्र आपल्या गावागावांत गेली कित्येक वर्षं चालू आहे. १९८०मध्ये कदंब महामंडळ उभं राहिलं तरी आतल्या बऱ्याच वाटा खाजगी बसवरच राहिल्या. तिथे तोट्यातली फेरी चालवायला मालकाला कुणी सांगत नव्हतं आणि त्याचे पैसेही देत नव्हतं. खाजगी बस कदंबच्या छत्राखाली आणणारी ‘म्हजी बस’ योजना म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. बसचा रंग बदलला की नाही यात मला रस नाही. मालकाची कमाई गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून सुटून वेळेवर केलेल्या फेऱ्यांवर आली का, एवढंच तिच्याबद्दल विचारलं पाहिजे.

पेट्रोलचा मुद्दा लवकर संपतो. महागलं तरी लोक गाडी सोडत नाहीत, हे बरोबर. दुसरं साधन नसेल तर माणूस महाग पेट्रोलही भरतो आणि घरखर्चात दुसरीकडे कात्री लावतो. त्यातून आवड सिद्ध होत नाही, अडचण सिद्ध होते. स्कूटरला तीस किलोमीटरला पाऊण लिटरच्या आत पेट्रोल लागतं, आणि नवराबायको डबल सीट गेले तर दोन तिकिटांशी तुलना होते. २०१२मध्ये गोवा सरकारने पेट्रोलवरचा कर जवळजवळ काढून टाकला आणि लिटरमागे ११ रुपये कमी झाले. गाडीवाल्याला मिळालेली ती सवलत तेव्हा सगळ्यांना दिसली, थांब्यावर उभ्या असलेल्याच्या पदरात तिच्यातलं काही पडलं नाही.

विखुरलेल्या गावांचं म्हणाल तर केरळ बघा. तिथेही एक गाव संपून दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही, आणि बस घरच्या वाटेपर्यंत जाते. गोवा आहे अवघा ३,७०२ चौरस किलोमीटर. साठ टक्क्यांहून अधिक वस्ती २०११मध्येच शहरी गणली गेली होती. पणजी, म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव, वास्को ही शहरं एकमेकांपासून तासा-दीड तासाच्या आत आहेत.

राहिला रस्त्यांचा आणि पुलांचा मुद्दा. पूल नकोत असं म्हणणाऱ्यातला मी नाही. १९८६च्या जुलैमध्ये मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा काय हाल झाले ते त्या पिढीला चांगलं आठवतं. २०२२ आणि २०२३च्या डिसेंबरात टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या नव्या जुवारी पुलाने कुठ्ठाळी-आगशीतला रोजचा छळ कमी केला, हे मान्यच करायला हवं. पण अमेरिकेतल्या शहरांचा अभ्यास करून ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११मध्ये दाखवलं की रस्त्याच्या मार्गिका ज्या प्रमाणात वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढतं. सैल झालेला रस्ता नव्या गाड्यांना बोलावतो. आणि पुलाने वाचवलेली दहा मिनिटं बसलाही मिळतात, गाडीलाही. थांब्यावरची पंचवीस मिनिटं मात्र तशीच राहतात, म्हणून पूल झाल्यावरही निवड बसच्या बाजूने झुकत नाही.

वाळपई, काणकोण, पेडणे इथल्या आतल्या गावांकडे रात्री नऊची बस सुरू करा. थांब्यावर वेळ लिहा आणि ती वेळ पावसाळ्यासकट दोन वर्षं पाळा. बांबोळीला तालुक्यातालुक्यातून सकाळी थेट बस द्या. एवढं करूनही लोक स्कूटरच काढत राहिले, तर गोवेकराला बस नको हे विधान मी विचारात घेईन.