शेवटची टिचकी

ऑफिसात माझं काम असं, की आमच्या ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक कुणी आणून सोडलं ते शोधायचं आणि ज्याचं त्याला कमिशन द्यायचं. या धंद्याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. घरी-दारी कुणी विचारलं तर मी "दलालांचे हिशेब बघतो" एवढंच सांगतो. पुढचे प्रश्न येत नाहीत.

या दलालांत माझा खास दात कॅशबॅकवाल्यांवर. बाकीचे निदान घाम तरी गाळतात. कुणी दहा बॅगा पाठीला लावून हिंडतो, प्रत्येकीची चेन शंभरदा ओढून बघतो आणि मग लांबलचक परीक्षण लिहितो. गिऱ्हाईक ते वाचतं, त्याला पटतं, ते आमच्याकडे येतं, बॅग कार्टमध्ये टाकतं, पैसे भरायच्या पानापर्यंत पोचतं. आणि तिथे त्याला आठवतं, अरेच्चा, कॅशबॅक राहिला! मग ते उलट पावली बाहेर पडतं, कॅशबॅकच्या साइटवर लॉग इन करतं, तिथल्या बटणावर टिचकी मारतं आणि त्याच कार्टपाशी परत येतं. बहुतेक ठिकाणी नियम असा, की शेवटची टिचकी ज्याच्या दारातून, कमिशन त्याचं. चेन ओढणारा बसला बोंबलत. कॅशबॅकवाला त्या कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला देतो आणि उरलेलं स्वतः ठेवतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच; फक्त हा नागोबा बीळ पोखरणाऱ्याला सोडून भलत्यालाच भाडं देतो.

"ही माणसं आपल्याकडे येणारच होती. उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला आत ढकलायचे पैसे कसले?" हे माझं वाक्य मीटिंगांमध्ये गाजलेलं आहे.

आणि मग मला स्वतःला एक बॅग घ्यायची वेळ आली.

आमच्याकडे हवा तो आकार नव्हता म्हणून दुसऱ्या दुकानात गेलो. बॅग निवडली, पत्ता भरला. बोट 'पैसे भरा'वर टेकणार, इतक्यात आतला आवाज म्हणाला, कॅशबॅक? (लोकां सांगे ब्रह्मज्ञान!) झालं. कॅशबॅकची साइट उघडली. तिथे सूचनांचं स्तोत्र होतं : जाहिरात-रोधक बंद करा, सगळ्या कुकी स्वीकारा, कार्ट आधीच भरलेली असेल तर रिकामी करा, मध्ये दुसरी साइट उघडू नका, आम्ही दिलेल्या कूपनाखेरीज दुसरं कूपन वापरू नका. मी सोवळ्यात असल्यासारखा बसलो. बायकोने मागून विचारलं, "अरे, एका बॅगेला दीड तास?" मी हातानेच गप्प राहायला सांगितलं. मध्ये बोललं तर ट्रॅकिंग तुटेल असं त्या क्षणी खरंच वाटत होतं.

शिवाय 'नव्या गिऱ्हाइकाला जास्त कॅशबॅक' अशी पाटी होती. मी त्या दुकानाचं जुनंच गिऱ्हाईक. तेव्हा बायकोच्या ईमेलवरून नवा झालो. नव्या माणसाला जास्त दर आणि जुन्याला कमी, ही युक्ती आमच्या दुकानात मीच मोठ्या हुशारीने लावली होती. आमच्या अहवालात दर महिन्याला वाढणारी ती 'नवी गिऱ्हाइकं' आठवली आणि जरा पोटात गोळा आला.

एवढं करून कॅशबॅक नोंदलाच गेला नाही. मी तक्रार केली. बिल, तारीख, ऑर्डर क्रमांक, सगळं जोडलं. चार दिवसांनी उत्तर आलं, "पडताळणी सुरू आहे." महिन्याने विचारलं, पडताळणी सुरू. नव्वद दिवस झाले, घोंगडं भिजतच. तसं कारण मला पाठ आहे : माल परत करायची मुदत संपेपर्यंत दुकान कमिशन पक्कं करत नाही, आणि दुकानाकडून पैसे आल्याशिवाय साइट गिऱ्हाइकाला देत नाही. पण ती मुदत तर कधीच उलटली होती. म्हणजे त्या दुकानात कुणीतरी बसलेला असणार, ज्याने माझ्या नावापुढे एक खूण करायची आहे आणि जो ती करत नाहीये. कसला आळशी, कोडगा माणूस असेल, असं मी मनात म्हणत होतो आणि माझी नजर माझ्याच टेबलावर गेली. तिथे 'न नोंदलेले व्यवहार' नावाची यादी उघडी होती. चारशे बारा नावं. 'पुढच्या आठवड्यात बघू' असं मी तिला दोन महिने सांगत होतो.

दरम्यान सरांनी माझं ते वाक्य मनावर घेतलं. आधी त्यांनी मला इतिहास ऐकवला. ईबेट्स ही अमेरिकेतली कॅशबॅकची साइट १९९८मध्ये निघालेली, राकुतेन या जपानी कंपनीने ती २०१४मध्ये सुमारे १ अब्ज डॉलरला घेतली. "उंबरठ्यावर ढकलणाऱ्याला एवढे पैसे कुणी देतं का?" मी म्हटलं, देतात, कारण लोक दुकानाआधी तिथे जाऊन बसतात; उंबरठाच त्यांनी विकत घेतलाय. (हे मला तिथल्या तिथे सुचलं, नंतर बराच वेळ आवडलं.) शेवटी ठरलं, की करूनच बघू. महिनाभर निम्म्या वस्तूंवरचा कॅशबॅक बंद ठेवायचा, निम्म्यांवर चालू. विक्रीत फरक पडला नाही तर माझं खरं. पडला तर तेवढी गिऱ्हाइकं त्यांनीच आणलेली.

बॅगा बंदच्या यादीत होत्या. दुसऱ्याच आठवड्यात मुलीच्या बॅगेचा बंद तुटला. आमच्या दुकानात हवी तशी बॅग होती, हव्या त्या रंगात. कॅशबॅक मात्र शून्य, आणि तो शून्य मीच टाकलेला. पलीकडच्या दुकानात तशीच बॅग, सहा टक्क्यांसकट. मी फार विचार केला असं म्हणवत नाही.

महिनाअखेरीला सर आकडे घेऊन आले. बॅगांची विक्री उतरली होती. फार नाही, पण उतरली होती. "ही गिऱ्हाइकं गेली कुठे?" असं म्हणत ते खुर्चीत टेकले आणि त्यांचं लक्ष टेबलाखाली गेलं. मुलीला रंग पसंत पडला नाही, म्हणून ती नवी बॅग हल्ली मीच वापरतो.

"छान आहे की," सर म्हणाले. "आपल्याकडचीच ना?"

"पडताळणी सुरू आहे," मी म्हणालो.