इस्रायलचा मेसेज वाचून हजार फूट बोअर मारू नका

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. इस्रायलला 200 मिमी पाऊस, मराठवाड्याला 700 मिमी, तरी ते जगाला भाजीपाला विकतात आणि आपण टँकरची वाट बघतो, कारण आपला शेतकरी आळशी. खाली उपाय दिलेत: ठिबक केलं की दुष्काळातही ऊस येतो, हजार फूट बोअर मारा कारण पाताळात नद्या वाहतात, ते पाणी शेततळ्यात साठवा, आणि धरणाच्या पाण्यासाठी रडणं बंद करा. मामांनी हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला आणि केज तालुक्यातल्या आमच्या दाजींनी तो वाचून थेट बोअरच्या गाडीवाल्याला फोन लावला, आता ताईचं सोनं गहाण ठेवायची भाषा चाललीय. म्हणून गप्प बसवत नाही.

पहिलं बोअरचंच घेतो, कारण घर बुडवणारा मुद्दा तोच आहे. पाताळात नद्याबिद्या काही वाहत नाहीत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर आहे, म्हणजे लाव्हाचे थरावर थर. यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या म्हणजे भोकं-भोकं असलेल्या खडकात आणि काळ्या दगडाच्या भेगांमध्ये. भेग नसलेला काळा दगड पाणी धरत नाही, आणि जसजसं खाली जावं तसतशा भेगा कमी होत जातात. म्हणून तर जुन्या लोकांनी पन्नास-साठ फुटांच्या विहिरी काढल्या, त्यांना काय खोल खणायला येत नव्हतं असं नाही. हजार फुटांवर एखादी भेग लागते आणि पाणी उसळतं, नाही असं नाही, त्याचाच व्हिडिओ काढून लोक टाकतात. पण ते वर्षानुवर्षं साठलेलं पाणी असतं, पावसाचं पाणी तिथवर पोचायला फार वेळ लागतो, त्यामुळे उपसा सुरू झाला की ते काही दिवसांत नाहीतर एखाद्या हंगामात आटतं आणि मग तोच माणूस शेजारी दुसरं बोअर मारतो. भेगा जोडलेल्या असल्या तर शेजाऱ्याची विहीर आटते ती वेगळीच, आणि भांडण लागतं भावकीत.

आणि हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 चा आहे, 2014 पासून लागू आहे, आणि त्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई आहे. अंमलबजावणी होत नाही हे मलाही दिसतं, गाड्या रात्रंदिवस फिरतात. पण मेसेज ज्याला उपाय म्हणतोय ते कायद्याने बंद आहे, हे दाजींना गाडीवाला सांगणार नाही.

आता त्याच पाण्याने शेततळं भरायचं. शेततळं हे पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला आहे. आपल्याकडे काय होतं, तळ्यात प्लास्टिकचा कागद टाकायचा आणि बोअर-विहिरीच्या मोटरने तळं भरून घ्यायचं. जमिनीखाली जे पाणी उन्हापासून सुरक्षित होतं तेच वर काढून उन्हात मांडायचं! साधा हिशोब करा. 30 बाय 30 मीटरचं, तीन मीटर खोल तळं, त्यात बाजूंचा उतार धरून साधारण 20 लाख लिटर बसतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसाला 8 मिमी जरी उडालं तरी भरलेल्या तळ्यातून रोज सात हजार लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. पाणी खाली जाईल तसा पसाराही लहान होतो हे धरलं तरी मार्च ते मे चार-पाच लाख लिटर गेलेच. म्हणजे लाईट जाळून उपसलेल्या पाण्यातला पाव हिस्सा पिकाला न मिळताच संपला, आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी जानेवारीतच खाली गेलं.

ठिबकबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. मोकाट पाणी देण्यापेक्षा ठिबकने पाणी खूप वाचतं, उत्पादनही वाढतं, ज्याला जमेल त्याने करावंच. पण ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा असतो आणि साधारण 2000 ते 2500 मिमी पाणी मागतो. ठिबकने निम्मं वाचलं तरी हजारावर लागतंच, आणि पाऊस 700, तोही चार महिन्यांत. शिवाय वाचलेलं पाणी कोण जमिनीत ठेवतो? एक एकरचा ऊस दोन एकर होतो. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच लिहून ठेवलंय की राज्यात चार टक्क्यांपेक्षा कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी घेतो. 2016 ला धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं, ते एवढ्यात विसरलो का आपण?

इस्रायलचं थोडक्यात. 200 मिमीचा आकडा दक्षिणेतल्या नेगेवच्या वाळवंटाचा, उत्तरेत गॅलिलीत आपल्याएवढा पाऊस पडतो. तिथलं पाणी 1964 पासून मोठ्या पाइपलाइन-कालव्याने दक्षिणेकडे नेतात, समुद्राचं पाणी गोडं करतात, शहराचं सांडपाणी शुद्ध करून शेतीला देतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: 1959 च्या कायद्याने तिथलं सगळं पाणी, जमिनीखालचंसुद्धा, सार्वजनिक मालकीचं आहे. शेतकऱ्याला कोटा असतो, मीटर असतं. मनाला येईल तिथे बोअर मारायची मुभा तिथे नाही. म्हणजे इस्रायलचं नाव घेऊन बरोबर उलटं करायला सांगितलंय.

आणि इस्रायलपर्यंत जायची गरजच काय, नगर जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पाऊस आपल्यापेक्षा कमी. तिथले सरपंच राहिलेले पोपटराव पवार आणि गावाने मिळून पाणी अडवलं हे सगळ्यांना माहिती, पण शेतीसाठी बोअरला बंदी केली, ऊस-केळीला नाही म्हटलं आणि दरवर्षी पाऊस मोजून कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवलं, हे कोणी फॉरवर्ड करत नाही. गाडीवाल्याचा त्यात धंदा नाही ना. दाजींना मी हेच सांगितलंय: गाडीवाल्याला दिलेला ॲडव्हान्स बुडाला तर बुडू द्या, बोअरला लागणाऱ्या बाकीच्या पैशातून आहे त्या विहिरीतला गाळ काढा, तूर-हरभऱ्याला ठिबक किंवा तुषार करा, पावसाने ओढ दिली तेव्हा दोन संरक्षित पाणी मिळाली तरी पीक हाताला लागतं.

शेतकरी आळशी म्हणणाऱ्याने एकदा रात्री थ्री फेज लाईट आल्यावर बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाऊन बघावं.

राहिला धरणांसाठी रडण्याचा मुद्दा. देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, तरी जायकवाडी धरणात वरच्या धरणांतून पाणी सोडायचं म्हटलं की नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा वाद कोर्टापर्यंत जातो. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटप लिहिलंय, त्याच्याच जोरावर ते पाणी मागता येतं, आणि मागायचंच. फक्त मागताना आपल्या बाजूच्या कालव्यावर ऊस किती उभा आहे, तेही आपल्याला सांगावं लागणार आहे.